पणजोबांच्या मागचे नाव कुठे सापडेल?

प्रश्न : आमचे मूळ गाव इंदापूर तालुक्यात, सध्या राहायला बारामतीत. पणजोबांपर्यंतची नावे घरात ठाऊक आहेत, त्यामागची कुणालाच सांगता येत नाहीत. आयर्लंडमधले लोक म्हणे चर्चच्या वह्या पाहून कित्येक पिढ्या मागे जातात. आपल्याकडे अशी वही कुठे मिळते?

उत्तर : सगळी माहिती देणारी एकच वही आपल्याकडे नाही. चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद होते, त्यामुळे तिथे माणूस पाळण्यापासून सापडतो. आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनाही ही सोय आहे. बाकीच्यांच्या बाबतीत मात्र सरकारला माणसापेक्षा शेतसाऱ्यात रस होता. म्हणून आपला पूर्वज बहुधा जमीन नावावर चढताना किंवा उतरताना कागदावर येतो.

आयर्लंडचाही फार हेवा करू नका. १९२२ च्या यादवीत डब्लिनचे सरकारी दप्तर जळाले. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या, १८२१ ते १८५१ च्या खानेसुमारीच्या बहुतेक वह्या आणि प्रॉटेस्टंट चर्चच्या असंख्य वह्या गेल्या. त्यामुळे तिथले लोकही त्या शतकाच्या मध्यातली जमीन-घरांच्या आकारणीची पत्रके चाळतात. शेवटी तेही साऱ्याच्याच कागदावर येतात!

‘खानेसुमारीत नाव असेलच की,’ असे अनेकांना वाटते. आपल्याकडे १८७२ पासून खानेसुमारी होते, पण तिचे आकडे छापले जातात. घरोघरच्या नोंदी गोपनीय असतात. तो नाद सोडा.

सुरुवात शाळेच्या जनरल रजिस्टरपासून करा. तिथे वडिलांचे नाव, जात, जन्मगाव मिळते. जन्मतारीख १ जून दिसली तर हरखू नका; ती बऱ्याचदा प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते.

मग गावचे जन्म-मृत्यूचे रजिस्टर, म्हणजे गाव नमुना १४. जुनी रजिस्टरे बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात; अर्ज करून नक्कल मागता येते. बाळाचे नाव तेव्हा ठेवलेलेच नसे, म्हणून त्याच्या नावाने शोधू नका, बापाच्या नावाने शोधा. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांना ही वही विशेष उपयोगी. बलुतेदार आणि वतनदार घराण्यांनी इनाम-वतनाचे कागदही पाहावेत.

जमीन असेल तर खरा खजिना फेरफारात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालचा. सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकाचा माग काढत एकेक नोंद मागे जा. वारसाची नोंद साधारण अशी असते : ‘राणू बिन बापू मयत. वारस मुलगे सखाराम व गणू. गणू अज्ञान, पालनकर्ता सखाराम.’ एका ओळीत तीन पिढ्या! यातले ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको.

त्याहीमागे जायचे तर तुमचा तालुका नशीबवान आहे. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची जमीनमोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास नव्या पाहणीला सुरुवात केली ती इंदापुरातूनच. पुढे तीच पद्धत इलाखाभर गेली. पेशवाईतले कागद पुणे पुरालेखागारात आहेत. मात्र हे जुने दप्तर मोडीत आहे, तेव्हा मोडी वाचणारा जाणकार गाठा. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे अशा जाणकारांना भलतीच मागणी आहे.

वाटेत दोन अडचणी येतील. पहिली उजनीची. धरणाच्या पाण्याखाली पळसदेवसारखी गावे गेली आणि लोक दुसरीकडे वसले. तिथे आजच्या सातबाऱ्यावरून मागे जाता येत नाही; बुडालेल्या गावठाणाच्या नावानेच जुने दप्तर मागावे लागते. दुसरी अडचण आडनावाची. जुन्या कागदांत आडनाव पुष्कळदा नसतेच. एकाच भावकीत कुणी पाटील लावतो, कुणी गावावरून आडनाव घेतो. उलट, आडनाव एक म्हणून भावकी एक असेही नाही. म्हणून आडनावाची गाठ नेहमी गाव आणि जमिनीच्या सर्व्हे नंबरशी घालून पाहा.

याशिवाय त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नामावळी असतात. घरातले कोणी अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला गेले असेल तर गाव आणि आडनाव सांगून विचारा. तिथे कधी कधी पूर्वजाच्या हातची सहीसुद्धा मिळते.

या सगळ्या कागदांत बायका मात्र फार थोड्या दिसतात. वारस म्हणून विधवा येते, पण तिचे माहेर कुठले हे फेरफार सांगत नाही. तेव्हा कचेरीत अर्ज करण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ बसा आणि तिच्या आईचे, सासूचे, आजेसासूचे नाव अन् माहेरचे गाव लिहून घ्या. ते बहुधा कोणत्याच दप्तरात मिळायचे नाही.