पन्नाशीनंतरची नोकरी आणि मधुमेह

आकुर्डीच्या बजाज ऑटो कारखान्यातील उत्पादन २००७ मध्ये थांबले. त्याच्याही आधीपासून पन्नाशीत नवी नोकरी शोधणारी माणसे माझ्या दवाखान्यात येत आहेत.

परवा एक ५२ वर्षांचे फिटर आले. जुनी कंपनी बंद झाल्याने आता रात्रपाळीचे वॉचमन. मधुमेह कळला तर घेणार नाहीत, या भीतीने त्यांनी तो भरतीच्या वेळी लपवला. गोळी पूर्वीसारखी रात्री आठला, डबा मात्र दोनला! एका रात्री दरदरून घाम फुटला, हातपाय कापू लागले, बोलणे अडखळले. सोबत्याला वाटले, पिऊन आले आहेत. खरे तर साखर उतरली होती.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण लांबवले की असे होते. पाळी बदलली की गोळ्यांची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, मनाने गोळी बंद करू नये. खिशात ग्लुकोज किंवा साखर असावी, सोबत्याला आजार ठाऊक असावा. शुद्ध हरपल्यास तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे.

नोकरीच्या तपासणीआधी महिनाभर साखर, रक्तदाब, डोळे पाहून घ्या. जिना चढून आल्याबरोबर रक्तदाब मोजू नका, पाच मिनिटे बसा. आणि चाळिशीच्या चष्म्याची लाज कसली? व्हर्निअरवरच्या रेघा त्याशिवाय दिसणार कशा?

त्या गृहस्थांनी अखेर सुपरवायझरला सांगितले. नोकरी टिकली. गोळीची वेळ आम्ही बदलली असून डबा आता रात्री नऊला उघडतो.