रक्तक्रुसाचा बारगीर : ख्रिस्ती रूपककथांतील वीर आणि कुमार वाचक

अमूर्त गुणांना आणि विकारांना माणसांची नावे, चेहरे व हातपाय देऊन त्यांच्याकडून एखादी कथा वठवून घेणे म्हणजे रूपककथा. ही कल्पना आपल्याला मुळीच परकी नाही. अकराव्या शतकातील कृष्णमिश्राच्या ‘प्रबोधचंद्रोदय’ या संस्कृत नाटकात विवेक आणि महामोह हे दोन राजे एकमेकांविरुद्ध फौजा उभ्या करतात. एकनाथांच्या भारुडातील विंचू हा अंगणातला विंचू नसून मनातला विकार असतो, हे आपल्याकडे लिहिता-वाचता न येणाऱ्या श्रोत्यालाही सांगावे लागत नाही. असे असताना इंग्रजी वाङ्मयाच्या तासाला ‘अ‍ॅलेगरी’ हा शब्द उच्चारला की पुष्कळांचे चेहरे कंटाळवाणे होतात. रूपककथा म्हणजे गोड वेष्टनातले कडू औषध, असा एक समज रूढ झालेला आहे. युरोपातील ख्रिस्ती रूपककथांची एक शाखा, म्हणजे चिलखत घातलेल्या घोडेस्वार वीराच्या साहसकथा, पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हाती दिल्या गेल्या. त्या मुलांना का आवडल्या, त्यांत टिकाऊ काय आहे आणि धोक्याचे काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

चिलखताचा उगम

या कथांचे बीज बायबलातच सापडते. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या 6 व्या अध्यायात श्रद्धावान माणसाला शस्त्रसामग्री धारण करावयास सांगितली आहे. सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, शांतीच्या सुवार्तेचे पायतण, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण आणि आत्म्याची तलवार अशी ती यादी आहे. हे युद्ध हाडामांसाच्या माणसांशी नाही, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण लेखाच्या अखेरीस त्याची गरज पडणार आहे.

या चिलखताला घोडा, अरण्य, राक्षस आणि राजकन्या यांची जोड देऊन एक मोठे काव्य रचले ते एडमंड स्पेन्सर याने. केंब्रिजमध्ये तो गरीब विद्यार्थी म्हणून, कामे करून शिकलेला. त्याच्या ‘द फेअरी क्वीन’ या काव्याचे पहिले तीन सर्ग-ग्रंथ 1590 मध्ये व पुढचे तीन 1596 मध्ये प्रसिद्ध झाले. बारा ग्रंथांची योजना त्याच्या हयातीत पुरी झाली नाही. प्रत्येक ग्रंथात एक सद्गुण व एक वीर अशी रचना आहे. पैकी पहिल्या ग्रंथाचा वीर पावित्र्याचा प्रतिनिधी असून त्याच्या छातीवर व ढालीवर रक्तवर्ण क्रूस आहे. युना नावाच्या राजकन्येच्या आईबापांना एका प्रचंड सर्पराक्षसाने कोंडून ठेवले आहे. त्यांना सोडविण्यासाठी हा वीर निघतो. ‘युना’ म्हणजे ‘एक’, अर्थात सत्य. तिची वैरीण ड्युएसा. तिच्या नावातच दुहेरीपणा, अर्थात कपट आहे.

शिलेदार नव्हे, बारगीर

‘नाइट’ या शब्दाला मराठीत आपण सहज ‘शिलेदार’ म्हणतो. परंतु मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार तो, जो स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीला येई. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. या भेदाने पाहिले तर स्पेन्सरचा वीर शिलेदार नसून बारगीर आहे. काव्याच्या पहिल्याच कडव्यात आपल्याला दिसते ते असे, की त्याच्या चिलखतावर जुन्या लढायांचे खोल घाव आहेत, पण त्याने स्वतः मात्र तोवर एकदाही शस्त्र चालविलेले नाही. चिलखत दुसऱ्यांनी वापरलेले आहे, अंग नवखे आहे.

त्याचा खुलासा स्पेन्सरने सर वॉल्टर रॅले यास लिहिलेल्या पत्रात केला आहे. परीराणीच्या दरबारात उत्सव चालू असताना एक उंच, गावंढळ तरुण येतो आणि पुढे येणारे पहिले साहस आपल्याला द्यावे अशी मागणी करतो. ती मान्य होते. मग तो खाली जमिनीवर बसून राहतो, कारण त्याच्या रांगडेपणामुळे त्याला वरचे आसन शोभले नसते. पुढे युना घोडा व चिलखत घेऊन येते. हे चिलखत अंगाला बसले नाही तर या कामात यश येणार नाही, अशी तिची अट असते. तो ते घालतो, आणि तोच गावंढळ तरुण साऱ्या सभेत देखणा दिसू लागतो.

दहाव्या सर्गात त्याला आपला जन्मवृत्तान्त कळतो. तान्हेपणी परीने त्याला पळवून नेऊन शेतातील तासात ठेवले होते. नांगरणाऱ्या शेतकऱ्याला तो सापडला, त्यानेच त्याला वाढविले आणि जॉर्ज हे नाव ठेवले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी जमीन कसणारा असा आहे. इंग्लंडचा संरक्षक संत जॉर्ज तो हाच. ज्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे आपणच पहिले, अशा आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना या प्रसंगाचा अर्थ टीपांवाचून कळतो. ज्ञानाचे चिलखत आपण घरून आणलेले नसते. ते दुसऱ्यांच्या अंगावरून आलेले, पोचे पडलेले असते. ते आपल्या अंगाला बसविणे एवढेच आपल्या हाती असते.

वीराचा पराभव

साहसकथेत वीर जिंकत जातो अशी आपली अपेक्षा असते. येथे तसे घडत नाही. सुरुवातीला भ्रांतीच्या अरण्यात अर्धी स्त्री व अर्धी सर्पिण अशी एक राक्षसी भेटते. तिच्या तोंडातून जी ओकारी पडते तीत पुस्तके व कागद असतात! (परीक्षेच्या तोंडावर स्वस्त मार्गदर्शिकांचा फडशा पाडणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात ठेवण्यासारखा आहे.) तिला तो मारतो खरा, पण लगेच आर्किमागो नावाच्या मायावी जादूगाराच्या वृद्ध साधूवेषाला फसतो, युनेवर नाहक संशय घेतो आणि तिला सोडून चालता होतो. मग ड्युएसा त्याला गर्वाच्या महालात नेते. हा महाल पुढून सोन्याने मढविलेला, पण पाया वाळूचा आणि मागची बाजू पडकी. तेथून तो कसाबसा निसटतो. पुढे एका झऱ्याकाठी चिलखत उतरवून, त्या झऱ्याचे पाणी पिऊन सुस्तावलेला असताना ऑर्गोग्लिओ नावाचा राक्षस त्याला पकडून अंधारकोठडीत टाकतो. ऑर्गोग्लिओ या इटालियन शब्दाचा अर्थ अहंकार. म्हणजे तो दुसऱ्या कुणाकडून हरत नाही, स्वतःच्याच अहंकाराकडून हरतो. राजपुत्र आर्थर येऊन राक्षसाला मारतो तेव्हा कोठडीतून बाहेर येतो तो केवळ हाडांचा सापळा.

यानंतरचा नववा सर्ग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुटका झाल्यावर लगेच वीराची गाठ निराशेशी पडते. ही निराशा म्हणजे कुणी अक्राळविक्राळ पशू नव्हे. गुहेत बसलेला, केस विस्कटलेला, डोळे खोल गेलेला एक माणूस आहे. त्याच्या हाती शस्त्र नाही, फक्त बोलणे आहे. तू चुकलास, विश्वासघात केलास, जितका जगशील तितक्या चुका वाढतील, न्यायाने तू शिक्षेसच पात्र आहेस, अशा पायऱ्यांनी तो वीराला जीव देण्याच्या काठावर आणतो. त्याच्या प्रत्येक विधानात थोडे सत्य आहे, म्हणूनच ते घातक आहे. तो न्याय सांगतो आणि क्षमा लपवितो; पुस्तकाचे अर्धे पान वाचून अर्धे झाकून ठेवतो. राक्षसाला भिडणारा वीर या बोलण्यापुढे थरथरू लागतो.

त्या वेळी युना काय करते? ती लांबलचक वाद घालीत नाही. आधी त्याच्या हातातली सुरी हिसकावून घेते, त्याला खडसावते, क्षमेचीही एक बाजू आहे याची आठवण करून देते आणि तडक तेथून बाहेर काढते. आणि विशेष म्हणजे, तेथून ती त्याला लढाईवर नेत नाही. एका घरी नेते. त्या घरात श्रद्धा, आशा व प्रीती अशा तीन बहिणी आहेत, धीर नावाचा वैद्य आहे, भुकेल्यांना अन्न व उघड्यांना वस्त्र देणारे सेवक आहेत. तेथे बरा झाल्यावरच तो अंतिम युद्धाला योग्य होतो. निकालाच्या दिवसात ही निराशेची गुहा महाविद्यालयाच्या आवारापासून फारशी लांब नसते, हे आपण सारे जाणतो. खचलेल्या मित्राला उपदेश नंतर, आधी त्याला एकटे न सोडता माणसांत आणणे, हे शहाणपण चारशे वर्षांपूर्वीच्या काव्यात इतक्या स्पष्टपणे मांडलेले आहे.

तुरुंगातून आलेली कथा

या परंपरेतला दुसरा मोठा लेखक जॉन बनियन. हा भांडी दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा मुलगा, आणि स्वतःही तोच धंदा करणारा. लहानपणी त्याला सेंट जॉर्ज आणि बेव्हिस यांच्या स्वस्त साहसपुस्तिकांचा नाद होता, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. परवान्यावाचून धर्मप्रवचन केल्याबद्दल 1660 ते 1672 अशी बारा वर्षे तो तुरुंगात होता. त्याचे ‘द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ 1678 मध्ये आले आणि दुसरा भाग 1684 मध्ये. त्याचा नायक पाठीवर ओझे घेतलेला साधा यात्रेकरू आहे. पण वाटेत त्यालाही चिलखत मिळते आणि अपोलियन या खवलेवाल्या, पंख असलेल्या दैत्याशी लढावे लागते. पळून जावे असे त्याच्या मनात येते, तेव्हा त्याच्या लक्षात येते की चिलखताला पाठच नाही. मागे वळलो तर मेलो, म्हणून तो उभा राहतो. मुलाला कळेल असा आणि मोठ्याला विसरता येणार नाही असा हा तपशील आहे. या पुस्तकाचे मराठी भाषांतर हरि केशवजी यांनी 1841 मध्येच केले होते. म्हणजे मराठी मुद्रित गद्याच्या अगदी बाल्यावस्थेत ही कथा आपल्याकडे पोचली.

मुलांसाठी काय ठेवले, काय गाळले

स्पेन्सरची भाषा त्याच्या काळीही जुनाट वळणाची होती. त्यामुळे मुलांसाठी ती गद्यात सांगण्याची प्रथा पडली. मेरी मॅक्लाउड हिचे पुस्तक 1897 मध्ये व रॉइड-स्मिथ हिचे 1905 मध्ये निघाले. मार्गारेट हॉजेस हिने सांगितलेल्या व ट्रिना शार्ट हायमन हिने चित्रे काढलेल्या 1984 च्या ‘सेंट जॉर्ज अँड द ड्रॅगन’ला 1985 चे कॅल्डेकॉट पदक मिळाले. सी. एस. लुइस हा तर स्पेन्सरचा मोठा अभ्यासक. त्याच्या नार्नियाच्या सात पुस्तकांत (1950-56) पीटरला पहिल्या विजयानंतर वीरपद मिळते ते तलवार पुसायला विसरल्याची कानउघाडणी ऐकूनच. आपली पुस्तके रूपककथा नव्हेत, असे मात्र लुइस आग्रहाने सांगे. अलीकडे अमेरिकेत चक ब्लॅक या माजी लढाऊ वैमानिकाने कुमारांसाठी अशाच वीरकथांची माला लिहिली. तिच्यातील राजा म्हणजे देव आणि राजपुत्र म्हणजे ख्रिस्त. तिच्यातील ‘अ‍ॅरेथ्रे’ या देशाचे नाव पृथ्वीवाचक इंग्रजी व लॅटिन शब्दांची अक्षरे एकत्र मिसळून बनलेले आहे.

हॉजेसच्या पुस्तकात नांगरणारा शेतकरी राहिला आहे. तीन दिवसांच्या युद्धात वीर दोनदा कोसळतो व पुन्हा उठतो, हेही राहिले आहे. मात्र आर्किमागो, ऑर्गोग्लिओ आणि निराशा यांना तेथे जागा नाही. बत्तीस-चाळीस पानांत ते स्वाभाविकही आहे. परंतु त्यामुळे मुलाला बाहेरचा शत्रू तेवढा दिसतो, आतला दिसत नाही.

एक आक्षेप

येथेच या परंपरेतला धोकाही आहे. स्पेन्सरच्या काव्यात श्रद्धाहीन, नियमहीन आणि आनंदहीन अशा तीन भावांना ‘सॅरसेन’, म्हणजे मुसलमान म्हटले आहे. ड्युएसा व आर्किमागो ही रोमन चर्चची रूपके आहेत. बनियननेही पोपला गुहेतला म्हातारा राक्षस केले आहे. स्पेन्सर आयर्लंडमध्ये जप्त जमिनीवर वसलेला अधिकारी होता. आयरिश जनतेविरुद्ध कठोर उपाय सुचविणारे लेखन त्याने केले, आणि 1598 च्या उठावात त्याचे घर जळाले. गुणदोषांना शेजाऱ्याच्या धर्माचा पोशाख चढविला की कोवळ्या वाचकाला दोषाऐवजी शेजाऱ्याचाच द्वेष शिकविला जातो.

याच संदर्भात एक योगायोग नोंदवावासा वाटतो. स्पेन्सरच्याच पिढीतला एक इंग्रज, फादर थॉमस स्टीफन्स, 1579 मध्ये गोव्यास आला. स्पेन्सर ज्या पंथाला ड्युएसा म्हणत होता त्याच पंथाचा तो धर्मगुरू. त्याने 1616 मध्ये रायतूर येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचले आणि मराठीची मुक्तकंठाने स्तुती केली. एकाच्या रूपकातला खलपुरुष दुसऱ्या भाषेत आमचा आदरणीय कवी ठरतो. यावरून रूपकातील मुखवटा आणि खरा माणूस यांत किती अंतर असते ते दिसून येईल.

तेव्हा या कथा वाचू नयेत काय? माझ्या मते वाचाव्यात, पण पौलाची मूळची अट पाळून : हे युद्ध हाडामांसाच्या माणसांशी नाही. स्पेन्सरचा वीर खरोखर हरतो तो परधर्मीयांकडून नव्हे, तर संशय, गर्व, आळस आणि निराशा यांच्याकडून. तुकोबांनीही मनाशी चालणाऱ्या रात्रंदिवसाच्या झुंजीविषयी लिहिले. तो अनुभव कोणत्याही एका धर्माचा नाही. म्हणून मुलांसाठी ही कथा पुन्हा मराठीत कुणी सांगितली, तर त्याने सर्पराक्षस थोडा लहान केला तरी चालेल. परंतु जमिनीवर बसलेला गावंढळ तरुण, अंधारकोठडी, निराशेची गुहा आणि त्यानंतरचे ते घर, यांतले काहीही गाळू नये.