साप्ताहिक सुई आणि स्थूलतेवरील उपचार

जेवणानंतर आतड्यांतून जीएलपी-१ हे संप्रेरक स्रवते आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूस होते. हे संप्रेरक काही मिनिटांतच नष्ट होते. त्याचेच कार्य करणारे सेमाग्लुटाइड हे औषध मात्र रक्तात दीर्घकाळ टिकते. म्हणूनच आठवड्यातून एक सुई पुरते. स्थूलतेवरील उपचार म्हणून २०२५ साली ते भारतातही उपलब्ध झाले.

प्रारंभ ०.२५ मिलिग्रॅमने करून, दर चार आठवड्यांनी वाढवीत, मात्रा २.४ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. येथे घाई केल्यास मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता बळावतात. गर्भवतीस हे औषध वर्ज्य आहे. पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झाला होता काय, कुटुंबात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग कोणास होता काय, ही चौकशी डॉक्टर आधी करतात. दुकानातून परस्पर सुई घेणाऱ्याच्या बाबतीत नेमकी हीच चौकशी राहून जाते.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहार व व्यायामाच्या जोडीने ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले. परंतु औषध व मार्गदर्शन थांबल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. सबब, उपचार किती काळ चालवावयाचा आणि त्याचा खर्च कसा पेलावयाचा, हे पहिल्या सुईपूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठरविणे आवश्यक असते.