एका बेटाची अनेक रोपे

मनमाडहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नांदगाव लागते. नाशिक जिल्ह्यातीलच इगतपुरीच्या डोंगरात पाऊस धो धो कोसळतो. परंतु सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे येईपर्यंत ढग बरेचसे रिते झालेले असतात. म्हणून नांदगावच्या वाट्याला पाऊस येतो तो थोडा, आणि तोही बेभरवशाचा. अशा मुलखात परसातील झाडे जगवायची, तर पाण्याइतकाच वेळेचाही विचार करावा लागतो.

मोरीच्या पाण्यावर वाढलेले गवती चहाचे बेट तुम्ही पाहिले असेल. पहिली दोन-तीन वर्षे ते कसे तरारून वाढते! पुढे मात्र पाती बारीक होतात व बेटाचा मध्यभाग वाळू लागतो. झाड म्हातारे झाले, आता उपटून टाकावे, असे पुष्कळांना वाटते. परंतु कारण निराळेच असते. नवे फुटवे बाहेरच्या अंगाला येत राहतात, आतले जुने फुटवे दाटीत सापडतात, आणि हातभर मातीतील अन्नपाण्यासाठी असंख्य मुळांची ओढाताण चालते. हे बेट फोडून त्याचे भाग वेगवेगळे लावले, म्हणजे ते पुन्हा जोमाने वाढतात. गवती चहाला बी क्वचितच धरते; तेव्हा त्याची नवी रोपे अशीच करावी लागतात.

यासाठी कुदळ, खुरपे व विळा एवढी अवजारे पुरतात. बेट फारच मोठे असेल, तर एक पहारही जवळ असावी. प्रथम विळ्याने पाती कापून वीतभर बुडखे ठेवावेत. पात्यांच्या कडा धारदार असतात, म्हणून हाताला फडके गुंडाळलेले बरे. मग बेटाच्या चोहोबाजूंनी थोडे अंतर सोडून खणावे आणि सबंध ठोंब मुळांसकट उचलावा. माती झटकली, की फुटवे कोठे जोडलेले आहेत ते दिसते. तेथे हातांनी ओढून ते विलग करावेत. हाताने निघत नसतील तरच खुरपे चालवावे. प्रत्येक भागाला दोन-तीन फुटवे आणि खाली मुळे असली पाहिजेत.

हिरवीगार पाती कापताना जीव हळहळतो खरा. पण ती कापावीच लागतात. ठोंब उपटताना मुळांवरील सूक्ष्म मूलरोम तुटतात. पाणी शोषून घेण्याचे काम मुख्यत्वे तेच करीत असतात. इकडे पानांतून मात्र पाण्याची वाफ होतच राहते. मिळकत थांबली आणि खर्च पूर्वीइतकाच राहिला, तर घराचे जे होते तेच रोपाचे होते. म्हणूनच ही लावणी सायंकाळी करावी, तोवर मुळे ओल्या गोणपाटात झाकून ठेवावीत, आणि रोपाभोवतीची माती घट्ट दाबून लगेच पाणी घालावे.

आता प्रश्न वेळेचा. मृग लागला, एक सर आली, की कुदळ हाती घेण्याची घाई होते. परंतु पहिल्या सरीने जमीन वरवर भिजते. चार बोटे उकरून पाहावे, तर खाली धूळच असते. त्यानंतर पावसाने आठ-पंधरा दिवस ओढ दिली, तर नवी रोपे जातात, आणि मूळचे बेटही आपण मोडून बसलेले असतो. नांदगावसारख्या ठिकाणी दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती खोलवर भिजेपर्यंत थांबणे शहाणपणाचे. शिवाय पहिल्या वर्षी अर्धेच बेट फोडावे व अर्धे जागीच राहू द्यावे, म्हणजे पावसाने दगा दिला तरी वाण घरात राहते.

कर्दळीचे कामही असेच आहे. तिचे जमिनीखालील जाड खोड कापताना प्रत्येक तुकड्यावर निदान एक ठसठशीत डोळा ठेवावा. निशिगंधाची रीत थोडी वेगळी आहे. मेक्सिकोतून आलेल्या या झाडाचा जो कंद एकदा फुलला, तो पुन्हा फुलत नाही. त्याच्या कडेला आलेले लहान कंद वेगळे करून लावायचे असतात. त्यांतील अगदी बारीक कंद पहिल्या वर्षी नुसती पाने देतात, आणि फुलासाठी पुढच्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागते.