म्हैस पान्हा का चोरते?

रेडकू दगावले आणि म्हैस पान्हा चोरू लागली, ही तक्रार चोपडा तालुक्यात तापीकाठी काय किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी काय, गावपातळीवरील कार्यकर्त्यांस नवी नाही. जनावर खोडकर आहे असे समजून त्यास मारहाणही होते. वस्तुतः पान्हा सोडणे हे जनावराच्या इच्छेवर अवलंबून नाही.

सडांच्या त्वचेत मज्जातंतूंची टोके दाट पसरलेली असतात. रेडकू लुचू लागले किंवा हाताने कास चोळली, की तेथील संदेश मज्जारज्जूमार्गे मेंदूच्या तळाशी पोहोचतो. तेथील मज्जापेशी ऑक्सिटोसिन नावाचा स्राव तयार करतात व तो पियूषिका ग्रंथीतून रक्तात सुटतो. रक्ताबरोबर तो कासेत आला म्हणजे दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतालच्या पेशी आकुंचन पावतात आणि दूध सडांकडे उतरते. हाच पान्हा होय. अमेरिकेत मिनेसोटा येथील एली व पीटरसन यांनी गाईच्या अर्ध्या कासेचे मज्जातंतू तोडून पाहिले. त्यांचे हे प्रयोग १९४१ साली प्रसिद्ध झाले. तंतू तोडूनही पान्हा दोन्ही बाजूंस फुटला. गाईस भिवविल्यावर मात्र दूध अडले. म्हणजे संदेश जातो मज्जातंतूंनी, परंतु हुकूम येतो रक्तावाटे. आणि भ्यालेल्या जनावराच्या शरीरातील ॲड्रेनॅलिन तो हुकूम मोडते. काठी उगारणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे.

गर्भाशयमुख व योनिमार्ग यांतील मज्जातंतूही मेंदूस असाच संदेश देतात. विताना वासराचा दाब पडला की हाच स्राव सुटून कळा वाढतात. योनिमार्गात हवा फुंकून पान्हा काढण्याची, फुंका नावाची क्रूर चाल यावरच आधारलेली आहे. गाईम्हशींच्या अशा छळाची हकिकत वाचनात आली, हे गांधीजींच्या १९१२ सालच्या दुग्धत्यागाचे एक कारण होते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम १२ अन्वये फुंका हा गुन्हा आहे, आणि दूध वाढविण्यासाठी जनावरास अपायकारक असे इंजेक्शन टोचणेही त्याच कलमात येते.

म्हशीच्या कासेतील पोकळीत दूध थोडेच साठते. बहुतेक सर्व सूक्ष्म पिशव्यांतच असते. म्हणून तिला पान्ह्यास गाईपेक्षा अधिक वेळ लागतो. रेडकू नसल्यास कोमट पाण्याने कास धुवून दोन मिनिटे हळुवार चोळावी. वेळ ठरलेली, जागा तीच, धार काढणाराही तोच असावा, आणि पुढे सरकीची ढेप ठेवावी. सवय जडली की बादलीच्या आवाजानेही पान्हा येऊ लागतो. ऑक्सिटोसिनचा परिणाम काही मिनिटेच टिकतो. तेव्हा पान्हा फुटल्यावर गप्पा मारीत न बसता धार सलग काढावी.