मडगार्डाची मागची बाजू

निपाणीजवळ, पुणे-बंगळूर रस्त्याला लागून माझं पत्राकामाचं गॅरेज आहे. गिऱ्हाईक दोन्ही राज्यांतलं. केए २३ आणि एमएच ०९ शेजारीशेजारी उभ्या असतात. घासाघीस कन्नडात होते, भांडण मराठीत. नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपला जातात. माझ्याकडं येतात त्या जुन्या टाटा २०७ आणि महिंद्राच्या पिकअप. बेळगावची भाजी भरून चोर्ला घाटानं गोव्याला उतरायचं आणि येताना मासळीचे क्रेट आणायचे, अशा धंद्यातल्या. पुढची मडगार्डं चेपून, फाटून, गंजून आलेली असतात. ती सरळ करताना जे कळलं ते सांगतो.

१. चाक काढल्याशिवाय भाव सांगू नये. गिऱ्हाईक बाहेरचा खड्डा दाखवतं, पण मडगार्डाचं आयुष्य आतल्या बाजूनं ठरतं. चाकानं उडवलेला चिखल मागच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या अलीकडं, थापला जातो. पाऊस संपला तरी तो आत ओलाच राहतो. त्यात मासळीचं खारं पाणी मुरलं तर पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणून आधी जोरात पाणी मारून तो कोपरा धुवायचा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघायचा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला भद्द. मोठ्या खड्ड्याची मला भीती वाटत नाही. रंगाखाली बारीक फोड आलेलं, लांबून धड दिसणारं मडगार्ड जास्त काम काढतं.

२. मार ज्या क्रमानं बसला, त्याच्या उलट क्रमानं काढावा. हे एक कळलं की निम्मं काम आलं. धडक बसते तिथं पत्रा आधी आत जातो आणि त्याच्याभोवतीच्या वळ्या, उंचवटे नंतर उठतात. नवखा पोरगा सरळ खोल जागेवर आतून घण घालतो. मग खड्डा निघतो, पण वळ्या तिथंच अडकून राहतात आणि पत्रा ताणला जातो. खरं तर सुरुवात कडेच्या वळीपासून करायची. आतून खोलगट जागेला ठोकळा दाबून धरायचा, बाहेरून शेजारच्या उंचवट्यावर हातोडी मारायची, हलकी आणि पुष्कळ. वळ्या सुटल्या की मधला भाग बराचसा आपणहून वर येतो. ठोकळा म्हणजे माझ्याकडं रेल्वेच्या रुळाचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा आहे. बाजारात तयार मिळतात, पण याचं वजन हाताला बसलंय. ठोकळा बरोबर हातोडीखाली ठेवून मारत राहिलं तर पत्रा दोघांच्या मध्ये पातळ होतो आणि पसरतो. तसं फक्त शेवटी, सफाईपुरतं.

३. पसरलेला पत्रा पापडासारखा फुगतो. अंगठ्यानं दाबला की आत, सोडला की बाहेर. तो कितीही ठोकला तरी बसत नाही, उलट वाढतो. रुपयाएवढी जागा गॅसनं लाल करायची, भोवतीनं हलक्या टोल्यांनी बसवायची आणि लगेच ओलं फडकं लावायचं. थंड होताना पत्रा आक्रसतो. एका वेळी एकच ठिपका, आणि मडगार्डामागचं हेडलाइटचं वायरिंग आधी बाजूला. मागं डांबरी कोटिंग असेल तर पाण्याची बादली हाताशी हवी.

४. गंज कापून काढावा लागतो, झाकून भागत नाही. चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचं. जोड तेवढ्याच जाडीचा घ्यायचा. जाड पत्रा घातला की वेल्डिंगच्या उष्णतेनं जुना पातळ पत्रा जळून भोकं पडतात. छपराचा जस्ताचा पत्रा स्वस्त पडतो खरा, पण त्याच्या धुरानं रात्री थंडीताप भरतो. निदान जोडाच्या कडेचं जस्त घासून काढा. सीओटू वेल्डिंगनं लांबलांब टाके मारायचे, एक इथं, एक पलीकडच्या टोकाला. सलग ओढलं की अख्खं मडगार्ड वाकडं होतं. बॅटरीची वायर आधी सोडायची, नाहीतर अल्टरनेटर जायचा.

५. पुरं जोडण्याआधी मडगार्ड गाडीवर बोल्टनं लावून बघा. बोनेट लावा, दार पूर्ण उघडा. जमिनीवर सुंदर दिसणारं मडगार्ड दाराला घासतं, तेव्हा टाके तोडायला फार जीव लागत नाही. पूर्ण वेल्ड तोडायला लागतो.

६. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. ती पाणी पिते. उघड्या पुट्टीवर ओला पॉलिशपेपर मारला आणि पाणी न सुकवता रंग चढवला, की तो फुगलाच म्हणून समजा. पावसाळ्यात इकडची हवा इतकी ओली असते, की थिनरचा रंग सुकता सुकता पांढरट पडतो. त्या दिवसांत मी प्रायमर मारून गाडी परत पाठवतो आणि रंगाला दसऱ्यानंतर बोलावतो. गिऱ्हाईक कुरकुरतं.

७. आतल्या बाजूला प्रायमर आणि कोटिंग बाहेरच्या रंगाआधी. खालची पाणी निघायची भोकं कोटिंगनं बुजवू नका. जळकं इंजिन ऑइल फासायची आपल्याकडं जुनी सवय आहे, त्यानं पत्रा वाचतो पण रबरी बुश आणि होज फुगतात. मी फासत नाही.

८. विमा काढला असेल तर कापाकापीआधी सर्व्हेअरला गाडी दाखवा. दहा वर्षांवरच्या गाडीला धातूच्या नव्या भागावर ५० टक्के घसारा कापतात, रंगाच्या सामानावरही ५० टक्के. म्हणजे नवं मडगार्ड घेतलं तरी निम्मे पैसे खिशातूनच. जुन्याचा पत्रा आतून धड असेल तर ठोकून घेणं परवडतं. खालचा कोपरा आणि बोल्टची पट्टी दोन्ही गेली असतील तर मी स्वतःच नवं आणायला सांगतो.

एक विनंती ट्रॅक्टरवाल्यांना. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले, की तवंदी घाटापासून संकेश्वरपर्यंत रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात. माझ्याकडं हिवाळ्यात येणारी डावी मडगार्डं बहुतेक या ट्रॉल्यांच्या कोपऱ्यानं फाटलेली असतात. ऊस बाहेर लोंबत असतो, मागं दिवा नसतो. ट्रॉलीच्या दोन्ही कोपऱ्यांना लाल रिफ्लेक्टर लावा आणि तो उसाच्या पाल्याखाली झाकला जाणार नाही एवढं बघा.