सरकार नोटा छापून का वाटत नाही?

पाचशेची नोट हाती घ्या. तिच्या मागल्या बाजूस एक पट्टी आहे. त्या पट्टीत एकाखाली एक अशा पंधरा ओळी आहेत. पंधरा भाषांत एकच गोष्ट लिहिली आहे. वरून आठवी ओळ आपल्या मराठीची. ‘पाचशे रुपये’. वाचता आली ना? आता नोट उलटा. पुढल्या बाजूस रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही आहे. त्या सहीमुळे ह्या कागदाला मोल आहे.

कदाचित ही नोट आपल्या नाशिक रोडच्या छापखान्यात छापलेली असेल. तेथे १९२८ सालापासून नोटा छापतात. ही माहिती वर्गात सांगितली, की कोणी ना कोणी विचारतेच, “गुरुजी, छापखाना सरकारचा, कागद सरकारचा, शाई सरकारची. मग गोरगरिबाला दहा-दहा हजार छापून का देत नाहीत?”

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. सगळ्या जगातली सरकारे ह्याच प्रश्नाशी झगडत असतात.

आधी आपला बाजार पाहू. समजा, बाजाराच्या दिवशी शंभर पोती ज्वारी आली. गिऱ्हाइकांच्या खिशात सगळे मिळून तीन लाख रुपये आहेत आणि सर्वांना ज्वारीच हवी आहे. पोते तीन हजारांना जाईल. पुढल्या बाजारी सरकारने प्रत्येकाचा खिसा दुप्पट केला. आता खिशात सहा लाख. पोती किती? शंभरच! ज्वारी काही छापखान्यात पिकत नाही. मग पोते सहा हजारांना जाईल. पैसा दुप्पट झाला आणि भाकरी होती तेवढीच राहिली. ज्या म्हातारीने लुगड्याच्या गाठीत तीन हजार जपून ठेवले होते, तिला आता अर्धेच पोते मिळेल. तिचे कोणी काही चोरले नाही, पण अर्धे पोते गेले ते गेलेच.

ह्यालाच महागाई म्हणतात. ती फार माजली तर काय होते, ते आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशात दिसले. तेथल्या सरकारने खर्च भागवण्यासाठी नोटा छापण्याचा सपाटा लावला. २००९ सालच्या जानेवारीत तेथे जी नोट निघाली, तिच्यावर एकाच्या पुढे चौदा शून्ये होती. पाटीवर लिहून पाहा, पाटी पुरते का ते! त्याच वर्षी त्या देशाला आपले चलन बाजूला ठेवून परक्या देशांच्या पैशात व्यवहार करावा लागला.

आपल्याकडे एवढे कधी झाले नाही. पण आपल्याही केंद्र सरकारला पूर्वी एक सोय होती. तिजोरीत खडखडाट झाला, की रिझर्व्ह बँकेला हुंडी लिहून द्यायची आणि पैसे उचलायचे. नव्या नोटा काढल्यासारखेच ते. १९९७ साली ही वहिवाट बंद करण्यात आली. आमच्या मते हे काम फार आधीच व्हायला हवे होते.

आता तुम्ही म्हणाल, मग पैसा मुळी वाढवूच नये. तेही खरे नाही. गावात हात रिकामे आहेत, सुताराकडे काम नाही, विणकराचे माग बंद आहेत, गोदामात माल पडून आहे. अशा वेळी लोकांच्या हाती चार पैसे आले, तर सुताराला काम लागते आणि माग पुन्हा सुरू होतात. तेव्हा पैशाबरोबर मालही वाढतो. म्हणजे एकच औषध एका वेळी गुण देते आणि दुसऱ्या वेळी अपाय करते. वेळ ओळखणे हीच अडचण आहे.

देशाची गाडी हाकायला दोन कासरे आहेत. एक कासरा सरकारच्या हाती. कर किती घ्यायचा आणि खर्च किती करायचा, हे सरकार ठरवते. दर वर्षी लोकसभेत अंदाजपत्रक मांडतात, ते ह्याचसाठी. दुसरा कासरा रिझर्व्ह बँकेच्या हाती. तो व्याजाचा. इतर बँकांना थोड्या मुदतीने पैसे लागले, तर त्या रिझर्व्ह बँकेकडून घेतात. त्या व्याजाला रेपो दर म्हणतात. हे व्याज वाढले, की हळूहळू सर्व बँकांचे व्याज वाढते. मग लोक कर्ज कमी काढतात, खरेदी पुढे ढकलतात आणि भावाचा जोर मोडतो. व्याज उतरले, की उलट होते.

रिझर्व्ह बँक १९३५ साली सुरू झाली. तिचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला हा माणूस पुढे १९५० ते १९५६ देशाचा अर्थमंत्री होता. म्हणजे दोन्ही कासरे त्यांच्या हाती येऊन गेले. असा योग फार थोड्यांना आला.

आता एक खरी हकिकत सांगतो. ती आपल्याच मुलखात सुरू होते.

१९७२ साली महाराष्ट्रात पाऊस पडला नाही. त्याआधीची वर्षेही कोरडीच होती. विहिरी आटल्या, गुरे बाजारात मातीमोल गेली. जुन्या माणसांना विचारा, ती मिलो आणि सुकडीची आठवण सांगतील. शेतात काम नाही म्हणजे मजुरी नाही. आणि मजुरी नाही म्हणजे दुकानात धान्य असले, तरी घ्यायला पैसा नाही. सरकारने तेव्हा पहिला कासरा सैल सोडला. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशी कामे गावोगाव काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे ह्या कामांवर होती. ती कामे निघाली नसती, तर किती माणसे उपाशी मेली असती, ह्याचा विचार करवत नाही.

ह्या अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना पक्की झाली. वि. स. पागे ह्यांनी ती आग्रहाने पुढे नेली. तिला पैसा कोठून आणला, हे पाहण्यासारखे आहे. १९७५ साली व्यवसाय कर बसवला. शहरातला पगारदार आणि व्यावसायिक तो भरणार आणि त्या पैशाने खेड्यातल्या मजुराला काम मिळणार. नोटा छापून नव्हे, तर एकाच्या खिशातून थोडे काढून दुसऱ्याच्या हाताला काम दिले. शहरातले काही लोक कुरकुरले असतील, नाही असे नाही. पण बाजारातला पैसा त्याने फुगला नाही. २००५ साली अशा कामाच्या हमीचा कायदा साऱ्या देशासाठी झाला, त्याचे मूळ येथे आहे.

दुष्काळ सरतो न सरतो, तोच दुसरे संकट आले. १९७३ च्या अखेरीस अरब देश आणि इस्राएल ह्यांच्यात लढाई झाली. त्यानंतर खनिज तेलाचा भाव थोड्याच महिन्यांत जवळजवळ चौपट झाला. आपण तेल बाहेरून आणतो. डिझेल महागले, खत महागले, मालवाहतूक महागली. इकडे धान्य आधीच तुटीचे. १९७४ च्या सप्टेंबरात घाऊक भाव वर्षापूर्वीपेक्षा ३० टक्क्यांहून अधिक चढले होते. शंभराची वस्तू एकशे तीसच्या वर गेली, आणि तीही एका वर्षात.

पगारदारही गप्प बसले नाहीत. रेल्वे कामगारांनी ८ मे १९७४ रोजी संप केला. तो सुमारे वीस दिवस चालला. त्यांचे म्हणणे असे, की भाव चढले, तर पगार वाढवा. सरकारचे म्हणणे असे, की पगार वाढवले तर पैसा वाढेल आणि भाव आणखी चढतील. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. हीच तर गोची आहे!

मग १९७४ च्या जुलैत सरकारने दोन्ही कासरे एकदम आवळले. पगारवाढीची सगळी रक्कम आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग कामगाराच्या हाती न देता सक्तीने ठेव म्हणून जमा करायचा, असा हुकूम निघाला. ते पैसे पुढे व्याजासह परत द्यायचे होते. पण घरात आज मीठमिरची नाही, त्याला पुढल्या सालची ठेव काय कामाची? रिझर्व्ह बँकेनेही त्याच महिन्यात आपल्या व्याजाचा दर ७ टक्क्यांवरून ९ टक्के केला.

त्यानंतर भाव खाली येऊ लागले. १९७५ साली पाऊस चांगला झाला आणि धान्य भरपूर पिकले. भाव उतरले ते सरकारच्या सक्तीने की पावसाने, ह्यावर जाणत्यांत वाद आहे. आम्हांला वाटते, दोन्हींचा हात होता, पण पावसाचा मोठा. व्याज वाढवून कणीस भरत नाही. मात्र सक्तीचा जो भार पडला, तो पगारावर जगणाऱ्या कुटुंबांवर पडला, हे विसरता येत नाही.

आता अलीकडचे पाहू. २०२० साली करोनाची साथ आली. कारखाने, बाजार, एस. टी. सारे थांबले. लाखो मजूर शहरांतून पायी गावाकडे निघाले. तेव्हा भावाची चिंता मागे पडली आणि कामधंद्याची पुढे आली. रिझर्व्ह बँकेने रेपो दर मे महिन्यात ४ टक्क्यांवर आणला. सरकारने कर्ज काढून खर्च वाढवला. शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य फुकट दिले, ते तुम्हीही आणले असेल.

पुढे २०२२ साली रशिया आणि युक्रेन ह्यांची लढाई सुरू झाली. खनिज तेल महागले. आपल्या फोडणीतले सूर्यफुलाचे तेलही महागले, कारण ते मोठ्या प्रमाणावर तिकडून येते. एप्रिलात देशातील महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. आता ह्यात एक कायद्याची गोष्ट आहे. २०१६ साली कायद्यात बदल करून असे ठरवले, की महागाई ४ टक्क्यांच्या आसपास राखायची. ६ च्या वर किंवा २ च्या खाली जाऊ द्यायची नाही. व्याज ठरवायला सहा जणांची समिती नेमली. तीन रिझर्व्ह बँकेचे, तीन सरकारने नेमलेले. ओळीने नऊ महिने महागाई हद्दीबाहेर राहिली, तर रिझर्व्ह बँकेने सरकारला लेखी कारण द्यायचे. २०२२ च्या नोव्हेंबरात तसे पत्र द्यावे लागले.

त्या वर्षीच्या मे महिन्यापासून व्याज वाढवत नेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर साडेसहा टक्के झाला. चारावरून साडेसहा. ही अडीच टक्क्यांची वाढ कर्जावर पूर्ण पडली, तर लाख रुपयांवर वर्षाला अडीच हजारांचा फरक. घर बांधणाऱ्याला आणि उसनवारीने दुकान चालवणाऱ्याला तो जाणवला. पण ज्याची बँकेत मुदतीची ठेव होती, त्याला हेच चढते व्याज गोड लागले. पीककर्जाला ह्याची झळ कमी बसते, कारण त्या व्याजाचा काही भार सरकार उचलते. सावकाराकडून काढलेल्या कर्जाला मात्र कसलाच रेपो दर लागू नाही. तो आपला दर आपणच ठरवतो! २०२५ साली महागाई निवळल्यावर व्याज पुन्हा उतरवण्यात आले.

भाव दाबायला सरकारजवळ आणखी एक हत्यार आहे. माल परदेशी जाऊ न देणे. हे नाशिक, नगर, पुण्याच्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. २०२३ च्या ऑगस्टात कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. हेतू हा, की शहरातल्या माणसाला कांदा स्वस्त मिळावा. हेतू वाईट नाही. मुंबईच्या झोपडीत राहणारा आपलाच भाऊ कांदा-भाकरी खातो. पण बंदी येताच भाव पडले. शेतकरी रस्त्यावर उतरले आणि बाजार समित्यांत लिलाव थांबले. महागाईचा आकडा खाली आणण्याची किंमत कांदा पिकवणाऱ्याने भरली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबरात ते निम्मे झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकले. तोवर दोन हंगाम होऊन गेले होते. पगारदाराचा पगार अडवला, तेव्हा ठेव म्हणून परत देण्याचे लिहून दिले होते. कांद्याच्या बाबतीत तसे कोणी काही लिहून दिले नाही.

पुढल्या वर्गाला एक हिशेब करून आणा. एका बाईने १०,००० रुपये बँकेत ६ टक्के व्याजाने वर्षभर ठेवले. ठेवताना ज्वारी ४० रुपये किलो होती. वर्षाने ४४ रुपये झाली. ठेव मोडून सगळ्या पैशांची ज्वारी घेतली, तर आधीपेक्षा जास्त येईल की कमी? किती किलो? ज्वारी ४४ ऐवजी ४२ झाली असती, तर किती? हे झाले, की ती ज्वारी जिने पिकवली आणि विकली, त्या बाईच्या बाजूनेही हाच हिशेब मांडून पाहा.